सांगितलं होतं म्हणजे कळलं होतं असं नाही

या महिन्यात आलेले प्रश्न चाळताना लक्षात आलं की पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारलीय. प्रोग्रामिंगमधली एखादी जुनी सोय बंद करायची असते तेव्हा ती वापरणाऱ्या डेव्हलपर लोकांना ते सांगायचं कसं, आणि आपण त्या दुसऱ्या बाजूला असलो, म्हणजे निरोप आपल्यापर्यंत पोचलाच नाही, तर काय करायचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवते आणि हा अंक पूर्ण यालाच देते. पत्रं थोडी लहान केलीत, नावं नेहमीसारखी घातलेली नाहीत.

फोंड्याहून एक वाचक: ताई, नमस्कार. आमची पाच जणांची छोटी कंपनी आहे. फार्मसीच्या बिलिंगला लागणारी जावा भाषेतली एक लायब्ररी (तयार कोडचा संच) आम्ही करतो आणि ती घेऊन दुसरे लोक आपापलं सॉफ्टवेअर बनवतात. त्यात बिलाची बेरीज करणारी एक जुनी मेथड (हाक मारून वापरायचा कोडचा तुकडा) होती, तिच्यावर आम्ही तीन वर्षांपूर्वीच डेप्रिकेटेड (अजून चालतं, पण आता वापरू नका) म्हणून लिहून ठेवलं होतं. आता नव्या व्हर्जनमध्ये ती काढली तर दोन दिवसांत अकरा फोन, सगळे चिडलेले, न सांगता काढलीत म्हणून. न सांगता कुठे? तीन वर्षं लिहिलेलं होतं! आमचं नेमकं चुकलं कुठे?

उत्तर: भाई, तुम्ही लिहिलं होतं हे खरं आणि त्यांना कळलं नव्हतं हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि आमच्या धंद्यातली कितीतरी भांडणं नेमकी इथेच सुरू होतात.

आमच्या वाड्यावर सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, सायकलचा भोंपू वाजवत. समजा त्याला पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे यायचं नाहीये, तर तो भट्टीच्या भिंतीवर पाटी लावून गप्प बसणार नाही, कारण भट्टीकडे आम्ही कोणी जातच नाही. तो आठ दिवस आधीपासून दारोदार पोय (गोव्याचा पाव) देताना सांगेल, बाय, एक तारखेपासून मी नाही, वरच्या वाड्यावरचा येईल, तो सातला येतो, त्याचा भोंपू आला की बाहेर या. बघा, आम्ही जिथे त्याला रोज भेटतो तिथेच सांगितलं, कधीपासून ते सांगितलं, आणि उद्या पाव कोणाकडून घ्यायचा तेही सांगितलं. तुमची पाटी मात्र भट्टीच्या भिंतीवर होती.

आता हे जावात कसं होतं बघा. तुमच्या लायब्ररीची जार फाइल, म्हणजे तयार बांधलेला गठ्ठा, लोक घेतात, तिचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडून कोण वाचत नाही. त्यांनी आपला कोड कंपाइल केला, म्हणजे मशीनला चालेल असा करून घेतला, तर ते करणारा कंपायलर आपणहून एवढंच म्हणतो की काही फाइल्समध्ये डेप्रिकेटेड एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने हाक मारायची सोय) वापरलेली आहे, तपशील हवा असेल तर एक्सलिंटचा पर्याय लावून परत कंपाइल करा. कुठली मेथड, कुठल्या ओळीवर, काही नाही, ती एक ओळ बिल्डच्या शेकडो ओळींत वाहून जाते. एडिटरमध्ये नावावर काट मारलेली दिसते हे खरं, पण ज्या फाइलला तीन वर्षं कोणी हात लावला नाही ती एडिटरमध्ये उघडणार तरी कधी? आणि ज्यांनी परत कंपाइल न करता नुसती जुनी जार काढून नवी टाकली त्यांना तर काहीच दिसलं नसणार, थेट दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना मेथड सापडत नाही म्हणून एरर. तुमच्या अकरा फोनांतले बरेच असेच असतील असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, जावाच्या लोकांना डेप्रिकेटेड या शब्दाची भीतीच राहिलेली नाही आणि त्यात त्यांचा दोष कमी आहे. १९९७ मध्ये जावा १.१ आली तेव्हापासून हा शिक्का आहे. तारखेच्या जुन्या डेट क्लासमधली गेट-इयर ही मेथड, जी वर्षातून १९०० वजा करून देते आणि त्यामुळे कितीजणांनी चुकीचं वर्ष छापलंय, तिच्यावर तेव्हाच शिक्का बसला आणि ती त्यानंतर पंचवीस वर्षांनीही चालत होती. मग माणूस काय शिकणार? शिक्का बसला तरी काही होत नाही हेच शिकणार. लांडगा आला रे आला असं इतकी वर्षं ओरडल्यावर कोणी मागे वळून बघत नाही. हे जावा बनवणाऱ्यांनाही उमगलं म्हणून २०१७ मध्ये जावा ९ मध्ये त्या ॲनोटेशनमध्ये, म्हणजे कोडमधल्या त्या शिक्क्यात, दोन गोष्टी वाढवल्या, कुठल्या व्हर्जनपासून डेप्रिकेट केलं ते, आणि ही खरोखर काढणार आहोत का ते. दुसऱ्याचं उत्तर हो असं लिहिलं तर कंपायलर न विचारता, मेथडचं नाव आणि ओळ देऊन, वॉर्निंग देतो आणि डेप्रिकेशनची नेहमीची वॉर्निंग गप्प करायचा उपाय तिच्यावर चालत नाही. तुम्ही हे वापरलं होतं का? पत्रावरून वाटतं की नुसता जुना शिक्का होता.

तिसरं म्हणजे मजकूर, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. "ही मेथड वापरू नका" हा निरोप नाही, हा दरवाजा लावून घेणं झालं. निरोप असा हवा: "ही बेरीज ४.० मध्ये काढणार. त्याऐवजी करासकट बेरीज करणारी नवी मेथड वापरा. जुनीत प्रत्येक ओळीला राउंडिंग होतं, नवीत शेवटी एकदाच होतं, त्यामुळे मोठ्या बिलात काही पैशांचा फरक येईल, तपासून घ्या." शेवटचं वाक्य लोक हमखास गाळतात आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं, कारण वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच असतो की नुसतं नाव बदलून भागेल की माझं गणितही बदलेल. नाव बदलून भागत असेल तर तसं लिहा, तो त्याच दिवशी करून टाकेल. गणित बदलणार असेल तर त्याला अकाउंटवाल्याशी बोलावं लागेल, एक दिवस काढावा लागेल, आणि हे त्याला तुमच्याकडून कळायला हवं, गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून नव्हे.

आता करायचं काय? या आठवड्यात एक छोटं व्हर्जन काढा आणि ती मेथड परत आणा. यात कमीपणा वाटून घेऊ नका. आतून तिने नव्या मेथडलाच हाक मारावी असं करायचा मोह होईल पण राउंडिंगचा फरक असेल तर तसं करू नका, जुनं जसंच्या तसं परत द्या, काढणार असल्याचा तो नवा शिक्का लावून आणि पूर्ण मजकूर लिहून. मग त्या अकरा जणांना स्वतः फोन करा. तीन वर्षांत पहिल्यांदाच तुम्हाला कळलंय की ती मेथड वापरतं कोण, ही यादी जपून ठेवा.

म्हापशाहून एक विद्यार्थिनी: ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पायथनच्या प्रोजेक्टच्या टेस्ट चालवल्या की शेवटी डेप्रिकेशन वॉर्निंगच्या शंभरभर पिवळ्या ओळी येतात. ग्रुपमधले म्हणतात चालतंय ना, मग सोड. सोडू का? आणि मैत्रिणीने तोच प्रोग्राम सरळ रन केला तर तिच्याकडे काहीच दिसत नाही, असं का?

उत्तर: बाय, सोडू नकोस. आधी तुझ्या मैत्रिणीचं कोडं सोडवूया म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

पायथनमध्ये डेप्रिकेशनच्या वॉर्निंग २.७ आणि ३.२ पासून मुद्दाम लपवलेल्या आहेत. कारण बरोबर होतं, प्रोग्राम वापरणारा साधा माणूस त्या वॉर्निंग बघून घाबरायचा आणि त्याच्या हातात तर दुरुस्ती नसते, दुरुस्ती डेव्हलपरच्या हातात. पण लपवल्यामुळे डेव्हलपरलाही त्या दिसेनाशा झाल्या. मग २०१८ मध्ये ३.७ मध्ये थोडं मागे फिरले, आता तुझ्या मुख्य फाइलमधल्याच कोडने जुनं काही वापरलं तर वॉर्निंग दिसते, इम्पोर्ट केलेल्या फाइल्समधली नाही. टेस्ट चालवणारं पायटेस्ट मात्र सगळ्या गोळा करून शेवटी दाखवतं, म्हणून तुला शंभर दिसल्या आणि तिला शून्य. कोड तोच, त्रासही तोच, फक्त एकीला निरोप मिळाला आणि दुसरीला नाही.

न वाचल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण सांगते. मॅपिंग, इटरेबल वगैरे क्लास आधी कलेक्शन्स या मॉड्यूलमधून मिळायचे. २०१२ मध्ये पायथन ३.३ मध्ये ते त्याच्या आतल्या एबीसी नावाच्या भागात हलवले आणि जुना रस्ता तात्पुरता उघडा ठेवला. तो ३.९ मध्ये बंद करायचं ठरलं होतं, पण ज्यांना पायथन २ आणि ३ दोन्ही सांभाळावं लागत होतं त्यांना अजून एक संधी द्यावी म्हणून ३.१० वर ढकललं. ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. म्हणजे नऊ वर्षं, आणि तरीही त्या दिवशी कितीतरी पॅकेजेस इम्पोर्टच्या ओळीवरच पडली. दुरुस्ती काय होती? एका ओळीत एक शब्द वाढवायचा. इतकी सोपी दुरुस्ती नऊ वर्षं राहिली ती कोणाच्या आळसामुळे असं मला वाटत नाही, बहुतेकांना ती ओळ कधी दिसलीच नव्हती.

तू असं कर, त्या शंभर ओळींत बहुतेक त्याच त्याच परत आल्या असतील, वेगवेगळ्या किती ते आधी बघ, पाच-सहाच निघतील. प्रत्येकीत फाइलचं नाव असतं. फाइल तुमची असेल तर आजच दुरुस्त कर, ग्रुपची वाट बघू नकोस. फाइल साइट-पॅकेजेस फोल्डरमधली असेल तर ते पॅकेज दुसऱ्याचं आहे, त्याचं नवं व्हर्जन घेऊन बघ. तरी वॉर्निंग राहिली तर त्या पॅकेजवाल्यांना दोन ओळी लिहून कळव, लोकांना अशी पत्रं खरंच उपयोगी पडतात. सगळं साफ झालं की टेस्ट चालवताना वॉर्निंगला एरर समजायचा पर्याय लाव, डॅश, कॅपिटल डब्ल्यू, मग एरर हा शब्द. त्यानंतर नवीन वॉर्निंग आली की टेस्टच पडेल आणि ती कोणाच्या नजरेतून सुटणार नाही.

आणि पुढे तू स्वतः लायब्ररी लिहिशील तेव्हासाठी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव. वॉर्निंग देताना स्टॅकलेव्हल म्हणून एक आकडा देता येतो, तो दिला नाही तर वॉर्निंग तुझ्याच लायब्ररीतली ओळ दाखवते, जिचा वापरणाऱ्याला काही उपयोग नाही. २ दिलास तर ज्याने तुझं फंक्शन बोलावलं त्याच्या फाइलमधली ओळ दाखवते. एका आकड्याचा फरक आहे पण निरोप बरोबर त्याच्या दारात पोचतो.

साखळीहून एक शिक्षक: डेप्रिकेटेड या शब्दाला चांगला मराठी शब्द काय? 'कालबाह्य' लिहिलं तर मुलांना वाटतं की ते आता चालतच नाही.

उत्तर: सर, तुमच्या मुलांना जे वाटतं ते बरोबरच आहे, कालबाह्य म्हणजे वेळ होऊन गेलेलं. डेप्रिकेटेड गोष्ट अजून चालत असते, फक्त तिचं जाणं ठरलेलं असतं.

मी 'मावळतं' वापरते. आपण मावळते अध्यक्ष म्हणतो ना, ते अजून खुर्चीवर असतात, सही चालते, पण नवीन अध्यक्ष ठरलेले असतात आणि शहाणा माणूस नवं काम नव्यांकडेच घेऊन जातो. मावळतं फंक्शन तसंच, आजचा कोड चालेल, पण नवीन कोड त्याच्यावर बांधू नये. काढून टाकल्यावर ते 'गेलेलं'. आणि तिसरी एक अवस्था असते ती मुलांना वेगळी करून सांगा, चालतं पण सांभाळणारं कोणी नाही. पायथन २ चं तसं झालं. आधी २०१५ ठरलं होतं, मग २०२० पर्यंत वाढवलं आणि १ जानेवारी २०२० पासून त्याची देखभाल थांबली. ज्याच्या मशीनवर ते आहे तिथे आजही चालतं, पण त्यात भोक सापडलं तर बुजवायला पायथनची मंडळी येणार नाहीत.

मूळ शब्दाबद्दल एक सांगावंसं वाटतं. तो लॅटिनमधून आलाय आणि तिथे त्याचा अर्थ प्रार्थना करून संकट दूर लोटणं असा होता. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, इडापिडा दूर कर म्हणून, त्याच्या जवळचा. मला हे फार आवडतं, कारण गाऱ्हाणं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं घालतात, आणि ज्याच्यासाठी घालायचं त्याला समोर उभं करून घालतात.

मडगावहून एक वाचक: आमची हॉटेल बुकिंगची एपीआय आहे, चाळीसेक भागीदार ती वापरतात. व्हर्जन १ बंद करून सगळ्यांना २ वर न्यायचंय. वरून सांगितलंय सहा महिन्यांची नोटीस ईमेलने पाठवा आणि कापा. सहा महिने पुरतील का? २ मध्ये बुकिंग रद्द करायची सोय अजून व्हायची आहे पण ती होईल तोपर्यंत.

उत्तर: शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. रद्द करायची सोय होत नाही तोवर नोटीस काढूच नका, सहा महिने मोजायला त्यानंतर सुरुवात करा. झुआरीच्या नव्या पुलाचे पहिले पदर डिसेंबर २०२२ मध्ये खुले झाले तेव्हा जुना पूल तिथेच होता, गाड्या हळूहळू इकडून तिकडे गेल्या. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा दुसरा पूल नव्हता, लोकांनी फेरीबोटींवर दिवस काढले, ज्यांनी ते बघितलंय ते अजून सांगतात. तुमच्या भागीदाराने तुमची नोटीस वाचून उत्साहाने काम काढलं आणि अर्ध्यात कळलं की रद्द करायलाच येत नाही, तर तो परत कधी तुमची नोटीस मनावर घेईल?

आता सहा महिने. आकड्यापेक्षा तारीख महत्त्वाची. आपल्याकडे मासेमारी बंदी दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असते हे ट्रॉलरवाल्याला कोणी ईमेल करून सांगावं लागत नाही, तारीख पक्की आहे म्हणून तो जाळी, डिझेल, माणसं सगळं त्या हिशोबाने ठेवतो. वेबपानावर ॲनिमेशन आणि गेम चालवणाऱ्या फ्लॅशचं बघा, ते बनवणाऱ्या अडोबीने जुलै २०१७ मध्ये जाहीर केलं की ३१ डिसेंबर २०२० ला संपणार, त्याच वेळी ब्राउझर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीही तेच सांगितलं, आणि तारीख हलवली नाही. कुबरनेटीसचे (खूप सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) नियम लिहून ठेवलेले आहेत, बीटा, म्हणजे अजून चाचणीतली, एपीआय मावळती जाहीर केल्यावर नऊ महिने किंवा तीन रिलीज, जे जास्त असेल तितकं चालू ठेवायची. तुम्हीही एक नियम लिहा, सगळ्यांना दाखवा, आणि मग पाळा. एकदा तारीख पुढे ढकललीत की पुढच्या वेळी सगळे ढकलण्याची वाट बघत बसतील.

आणि तारीख गोव्याची बघून ठरवा. नोव्हेंबर ते मार्च हात लावू नका, डिसेंबरचं तर नावच नको. चवथीच्या आठवड्यात ऑफिसात कोणी नसतं. जूनचा शेवट, जुलै, ऑगस्टची सुरुवात बरी, खोल्या रिकाम्या असतात आणि काही बिघडलं तरी निस्तरायला वेळ असतो.

हे मी अनुभवावरून सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या टीमची प्रमुख होते तिने अशाच एका एपीआयमधून भाड्याचा जुना रकाना काढला. तीन ईमेल पाठवल्या होत्या, माझ्याकडे तारखा होत्या. नाताळाच्या आदल्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या एका लहान गेस्ट हाऊसच्या मालकांचा फोन आला की दोन दिवस एकही ऑनलाइन बुकिंग आलेलं नाही. ईमेल जात होत्या त्यांच्याकडे आधी काम करणाऱ्या मुलाच्या पत्त्यावर, तो मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेलेला. मी गाडी काढून गेले, त्यांच्या रिसेप्शनच्या टेबलावर बसून त्यांच्या वेबसाइटवाल्याला फोनवर एकेक ओळ सांगून दुरुस्त करून घेतलं. काकांनी चहा दिला आणि एवढंच म्हणाले की आमचं वर्ष या दहा दिवसांवर चालतं. तेव्हापासून माझ्या कुठल्याही टीममध्ये ईमेल पाठवली म्हणजे काम झालं असं कोणी म्हणत नाही.

मग काम कशाने होतं? लॉगने, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या नोंदींनी. व्हर्जन १ ला आज कोण कोण हाक मारतंय, दिवसाला किती वेळा, ते प्रत्येक भागीदाराला दिलेल्या की (ओळखीच्या कोड) प्रमाणे मोजा. चाळीसपैकी समजा पंधरा जण आधीच २ वर गेलेले असतील, त्यांना त्रास देऊ नका. उरलेल्यांची यादी भिंतीवर लावा आणि दर आठवड्याला किती राहिले ते बघा. जो आकडा हलत नाही त्याला फोन. एपीआयच्या उत्तरासोबत जाणाऱ्या हेडरमध्येही (वरच्या माहितीच्या ओळी) निरोप घालता येतो, सनसेट नावाच्या हेडरचा दस्तऐवज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बंद होण्याची तारीख जाते, आणि डेप्रिकेशन हेडर २०२५ मध्ये प्रमाणित झालं. सनसेट म्हणजे मावळती, साखळीच्या सरांना हे आवडेल. पण हेडर माणसं वाचत नाहीत, प्रोग्राम वाचतात, म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

शेवटी जे उरतील त्यांच्यासाठी एक उपाय आहे जो कठोर वाटतो पण मी त्याला दयाळू म्हणते. ठरलेल्या दिवसाच्या आधी, सांगून, एखाद्या मंगळवारी सकाळी दहा ते अकरा व्हर्जन १ बंद ठेवा आणि मग परत चालू करा. वीज खातं पेपरात छापतं ना, उद्या अमक्या फीडरवर लाईट बंद, तसंच. कोड ठेवायच्या गिटहब या साइटने १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाईनवर पासवर्ड घेणं बंद केलं त्याआधी अशी थोड्या वेळाची बंदी आधी जाहीर करून केली होती. ज्यांना कुठलीच ईमेल पोचली नाही त्यांना हा तास पोचतो, आणि परत चालू होणार असल्याने नुकसान थोडं. त्या तासात एररच्या मजकुरात मात्र साफ लिहा काय झालंय, कुठे जायचं आणि कोणाला फोन करायचा.

आणखी एक, काय बंद होत नाहीये तेही लिहा. डिसेंबर २०२० मध्ये कुबरनेटीसने डॉकरशिम हा आपल्या आतला एक जोडतुकडा मावळता म्हणून जाहीर केला तर लोकांना वाटलं प्रोग्राम बांधून चालवायला सगळे वापरतात तो डॉकरच संपला, एकच घबराट झाली. मग त्यांना घाबरू नका अशा मथळ्याचा वेगळा लेख काढून सांगावं लागलं की डॉकरने बनवलेल्या इमेज, म्हणजे प्रोग्रामचे तयार गठ्ठे, पूर्वीसारख्याच चालणार. तो तुकडा पुढे मे २०२२ मध्ये १.२४ मधून गेला. तुमच्या नोटिशीत पहिल्या चार ओळींत हे असू दे: लॉगिन तेच, की तीच, दर तेच, फक्त बुकिंगचा पत्ता आणि उत्तराचा साचा बदलतोय. अर्धी भीती तिथेच उतरते.

डिचोलीहून एक वाचक: मी एकटाच वेबसाइट करून देतो. २०१२ मध्ये एका हार्डवेअर दुकानाची पीएचपीची साइट केली होती, परवा होस्टिंगवाल्याने पीएचपी बदललं आणि साइट पडली, मायएसक्यूएल कनेक्ट हे फंक्शन नाही म्हणते. दुकानवाले म्हणतात चूक माझी. मला कधी काही वॉर्निंग आलीच नाही. देव बरें करूं, काहीतरी सांगा.

उत्तर: ते जुनं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन (पीएचपीला मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारा भाग) २०१३ मध्ये पीएचपी ५.५ पासून मावळतं केलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मध्ये काढलं. वॉर्निंग होती, पण चालू साइटवर एरर दाखवणं बहुतेक बंद ठेवलेलं असतं, ते बरोबरच आहे, त्यामुळे ती गेली असेल तर लॉगमध्ये गेली. तुमचा कोड एकदा उघडून बघा, त्या फंक्शनच्या आधी ॲटचं चिन्ह आहे का? त्या काळात सगळे लावायचे, कनेक्शन तुटलं तर गिऱ्हाइकाला घाण दिसू नये म्हणून, पण पीएचपीत ते चिन्ह त्या ओळीची प्रत्येक तक्रार गिळून टाकतं, मावळतीची सुद्धा.

चूक कोणाची यात आठवडा घालवू नका. होस्टिंगवाल्याकडे थोडे दिवस जुनं व्हर्जन मागून घ्या, बरेच जण पॅनलमधून निवडायला देतात, म्हणजे दुकान आज चालू होईल. मग पीडीओवर या (डेटाबेसशी बोलायची नवी पद्धत), प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरून, म्हणजे क्वेरी आणि फॉर्ममधली माहिती वेगवेगळी पाठवून, जुन्या एक्स्टेन्शनमध्ये ती सोयच नव्हती आणि ते काढण्यामागचं एक मोठं कारण तेच, फॉर्ममधून कोणी वाकडंतिकडं काही घातलं तर ते सरळ डेटाबेसपर्यंत जायचं. नुसती फंक्शनची नावं बदलून मायएसक्यूएलआयवर, म्हणजे त्याच धर्तीच्या नव्या एक्स्टेन्शनवर, नेलंत तर साइट उभी राहील पण हे भोक तसंच राहील. हार्डवेअरच्या दुकानाची साइट आहे म्हणजे दहा-पंधरा क्वेरी असतील, दोन दिवसांचं काम. दुकानवाल्यांना भेटायला जाताना होस्टिंगची ईमेल कुठल्या पत्त्यावर येते ते त्यांच्याकडे विचारा, बहुतेक तुमचा २०१२ चा पत्ता निघेल, आणि तिथे बसल्या बसल्याच त्यांचा रोजचा पत्ता आणि फोन नंबर घालून घ्या.